मुलाभोवतीची माणसं सारखी का बदलतात? आधार हरवलेल्या मुलांच्या सांभाळाबद्दल

सायंतारा

निवासी संस्थांमधल्या आणि प्रतिपालक कुटुंबांमधल्या (म्हणजे दत्तक न घेता दुसऱ्याचं मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांमधल्या) मुलांबरोबर मी बरीच वर्षं समुपदेशक म्हणून काम करते आहे. घरात मारहाण सोसलेली, आईवडील तुरुंगात किंवा व्यसनात अडकलेली, टाकून दिलेली, रस्त्यावर सापडलेली, अशी सगळी मुलं त्यात येतात. यांचा विषय निघाला की बोलणं बहुतेक वेळा इमारत, कपडे, वह्यापुस्तकं आणि देणग्यांवर जातं. ते सगळं लागतंच. पण जवळून पाहिल्यावर माझं मत असं झालंय की मुलाचं सगळ्यात जास्त नुकसान त्याच्याभोवतीची माणसं सारखी बदलण्याने होतं, आणि ते थांबवणं हे कुणाचंच नेमून दिलेलं काम नसतं. म्हणून हा धागा काढला.

मुलाच्या बाजूने बघा. घर सुटतं ती पहिली ताटातूट. मग काही आठवडे तात्पुरत्या ठिकाणी. तिथली ताई जरा ओळखीची होते तोवर हलवाहलव. नव्या जागी काळजीवाहक पाळीप्रमाणे बदलतात. केस बघणारी कार्यकर्ती नोकरी सोडते, फाइल दुसऱ्या टेबलावर जाते, आणि मूल आपली हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते सांगायचंच सोडतं. तेव्हा आपण अहवालात लिहितो, 'मूल रुळले आहे.' हे वाक्य मी इतक्या फायलींमध्ये वाचलंय की आता ते दिसलं की आधी त्या मुलाला भेटायला जाते.

हे जगाला नव्याने कळलेलं नाही. १९४५ मध्ये मानसविश्लेषक रेने स्पिट्झ यांनी दोन ठिकाणच्या तान्ह्या मुलांची तुलना मांडली. एक होतं टाकलेल्या बाळांचं स्वच्छ, टापटीप अनाथालय. दुसरं तुरुंगातलं पाळणाघर, जिथे कैदी आया स्वतःच आपल्या बाळांचं करायच्या. तुरुंगातली बाळं वाढली. अनाथालयातली बाळं स्वच्छता आणि औषधपाणी असूनही खंगत गेली, बरीच दगावली. तिथे एकेका नर्सकडे सात-आठ बाळं असायची. १९५१ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेल्या अहवालातही हेच सांगितलं की लहान मुलाला जिव्हाळ्याचं, अखंड टिकणारं नातं लागतं. यातला 'अखंड' हा भाग आपण सोयीने विसरतो.

पुढे रोमानियात याचा फार मोठा आणि फार दुःखद पुरावा मिळाला. १९८९ च्या डिसेंबरमध्ये हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली तेव्हा तिथल्या सरकारी संस्थांमध्ये लाखाहून जास्त मुलं होती. २००० नंतर बुखारेस्टमध्ये १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू झाला. निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकून प्रतिपालक कुटुंबांत गेली, बाकीची नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा, जवळीक साधण्याची ताकद जास्त सुधारली. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची सुधारणा सगळ्यात चांगली होती.

एक आशेची बाजूही सांगते. हवाईच्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत माग ठेवला. गरिबी, घरातलं आजारपण, व्यसन अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं सक्षम, माया करणारी माणसं झाली. त्यांच्यात जे समान निघालं त्यात एक गोष्ट ठळक होती. आईवडील नसले तरी कुणीतरी एक मोठं माणूस त्यांच्यासाठी टिकून राहिलं होतं. आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक, कुणीही.

त्यामुळे कुठल्याही व्यवस्थेत गेले की माझा पहिला प्रश्न असतो, या मुलाचं असं कोणतं माणूस आहे जे पुढच्या वर्षीही त्याच्या आयुष्यात असेल? बहुतेक ठिकाणी यावर शांतता पसरते. तुमचे अनुभव लिहा. मतभेद असतील तर तेही लिहा.

---

मनमोकळा

वाचतोय. 'मूल रुळले आहे' वाचून पोटात गलबललं. धागा वाचनखुणांत साठवला आहे.

---

खडूफळा

मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गात दरवर्षी संस्थेतून येणारी दोन-तीन मुलं असतात. सायंताराताई, तुम्ही लिहिलंय ते वर्गात रोज दिसतं, फक्त आम्हाला त्याचं नाव माहीत नसतं. शिक्षकांच्या खोलीत या मुलांना 'त्रासदायक' म्हणतात. एक मूल दुसऱ्यांच्या डब्यातलं उचलून दप्तरात लपवतं. एक मूल बाकाची जागा बदलली म्हणून अर्धा तास थरथरतं. एक मुलगी कुणाही पाहुण्याच्या मांडीवर जाऊन बसते, आणि सगळे कौतुक करतात की किती माणसाळलेली आहे. पण ओळखीच्या-अनोळखी माणसातला फरकच तिला उरलेला नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मी काही साध्या गोष्टी बदलल्या. दिवसात काय काय होणार ते सकाळीच फळ्यावर लिहिते, आणि बदल असेल तर आधी सांगते. 'माझे कुटुंब' असा निबंध देताना 'माझ्या जवळचं एक माणूस' हा पर्याय देते, आणि तो सगळ्या वर्गाला देते, म्हणजे त्या मुलाकडे कुणी वळून बघत नाही. लहानपणीचा फोटो आणायला सांगणं बंद केलं. ज्याच्याकडे एकही फोटो नाही त्या मुलाला त्या दिवशी काय वाटत असेल याचा विचार आम्ही कधी केलाच नव्हता.

पण एका गोष्टीत अडले आहे. एक मुलगा मला चिकटला आहे. सुट्टीत, मधल्या वेळेत, शाळा सुटल्यावर माझ्याच मागे असतो. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या वर्गात जाणार. आत्ताच थोडं अंतर ठेवावं का, म्हणजे तेव्हा त्रास कमी होईल?

---

सायंतारा

खडूफळा, अंतर ठेवू नका. नातं जुळू देण्याने मूल मोडत नाही, ते न सांगता तोडल्याने मोडतं. वर्ष संपायच्या बरंच आधी सांगायला लागा की या तारखेला तू नव्या वर्गात जाशील, बाई बदलतील, मी याच शाळेत असेन. नव्या शिक्षिकेला आत्तापासून तुमच्या वर्गात आणा, तिघांनी मिळून काहीतरी करा. आणि जे पाळता येईल तेवढंच कबूल करा. 'मी नेहमी तुझ्यासोबत असेन' म्हणू नका. 'शुक्रवारी मधल्या सुट्टीत पाच मिनिटं भेटू' म्हणा आणि दर शुक्रवारी भेटा. ज्या मुलाला आजवर कुणीच नीट निरोप दिलेला नाही, त्याला नीट निरोप घेता येतो हे कळणं हीदेखील शिकवणच आहे.

डब्यातलं उचलण्याबद्दल: ती चोरी समजून शिक्षा केलीत तर ते वाढेल. दप्तराच्या कप्प्यात त्याच्या हक्काचं काहीतरी खाण्याचं कायम ठेवू द्या. संपलं की भरा. काही महिन्यांत लपवणं ओसरतं असा माझा अनुभव आहे. लगेच नाही ओसरत.

---

स्पष्टवक्ता

धागा चांगला आहे, पण काही गोष्टी स्पष्ट बोलतो. मी निवासी संस्थेत अधीक्षक होतो.

पहिली गोष्ट, अशा चर्चांमध्ये संस्था म्हणजे वाईट आणि कुटुंब म्हणजे चांगलं असं गृहीत धरलं जातं. आमच्याकडे येणारी कितीतरी मुलं कुटुंबातूनच भाजलेली, उपाशी ठेवलेली, वापरलेली येत. त्यांना रात्री शांत झोप पहिल्यांदा आमच्याकडे लागली. मोठ्या वयाच्या मुलांना काही वेळा नवं कुटुंब नकोच असतं. स्वतःच्या आईशी बेइमानी केल्यासारखं वाटतं त्यांना.

दुसरी गोष्ट, काळजीवाहक का टिकत नाहीत? तुटपुंजा पगार, लांबलचक पाळ्या, रजा नाही, प्रशिक्षण नाही. रात्री एकटीने तीस मुलं बघायची, त्यातलं एक अंथरुण ओलं करतं, एक किंचाळत उठतं, एक पळून जायच्या तयारीत असतं. आणि काही बिघडलं की चौकशी तिचीच. अशा बाईला 'नातं टिकव' म्हणणं अन्याय आहे. आधी तिला टिकवा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची. 'एका मुलाचं एक खास माणूस' ही कल्पना ऐकायला गोड आहे, पण मुलांचा गैरफायदा घेणारे लोक नेमके याच वाटेने येतात. मुलाचा विश्वास जिंकतात, भेटवस्तू देतात, 'हे आपल्या दोघांतलं गुपित' म्हणतात. त्यामुळे आमच्याकडे नियमच होता की कुणीही कुठल्याही मुलाशी विशेष जवळीक करायची नाही. हा नियम कठोर होता हे मान्य. पण तो कशासाठी होता तेही समजून घ्या.

---

सायंतारा

स्पष्टवक्ता, तुमचा तिसरा मुद्दा या धाग्यावरचा सगळ्यात गंभीर मुद्दा आहे, आणि तो टाळून काहीच बोलता येणार नाही. पण जवळीकच बंद करण्याने धोका कमी होत नाही असं मला ठाम वाटतं. मायेला पारखं झालेलं मूल फसवणाऱ्याला जास्त सहज सापडतं, कारण त्याच्या विचारपुशीला तोड देणारं दुसरं माणूसच त्या मुलाकडे नसतं. आणि काही वावगं घडलं तर ते सांगायचं कुणाला? ज्याच्यावर विश्वास आहे त्यालाच ना?

म्हणून नातं उघड्यावर असावं. दार उघडं, दुसरी व्यक्ती आसपास, भेटींची नोंद. भेटवस्तू एकट्याला आणि गुपचूप नाही. कुणालाही कामावर घेण्याआधी पार्श्वभूमीची पडताळणी, मग ते काम पगारी असो वा विनामोबदला. तक्रार करायची वाट संस्थेच्या बाहेर जाणारी हवी. तक्रारपेटीची किल्ली जर अधीक्षकांकडेच असेल तर मुलं त्यात काही टाकत नाहीत, हे मुलांनीच मला सांगितलंय. आणि अगदी लहान वयापासून 'मोठ्या माणसाबरोबरचं गुपित' नावाची गोष्ट नसते, हे शिकवणं.

काळजीवाहकांबद्दल शंभर टक्के सहमत. बुडापेस्टमध्ये बालरोगतज्ज्ञ एमी पिक्लर यांनी १९४६ साली युद्धात पोरक्या झालेल्या बाळांसाठी घर सुरू केलं. तीही संस्थाच होती. पण तिथे प्रत्येक बाळाची एक ठरलेली काळजीवाहक असे. आंघोळ, दूध, कपडे बदलणं घाईने उरकायचं नाही. 'आता तुझा हात उचलते' असं बाळाला सांगून मगच उचलायचा, त्याच्या प्रतिसादाची वाट बघायची. काळजीवाहकांना यासाठी नीट तयार केलं जाई, त्यांच्या निरीक्षणांच्या नोंदींना किंमत होती. म्हणजे संस्थेतही हे जमतं, पण ते काळजीवाहकांच्या भल्या स्वभावावर सोडून चालत नाही. पाळ्यांचं वेळापत्रक लावतानाच मुलं माणसांना वाटून द्यावी लागतात. तीस मुलांना चार जणी असतील तर 'चौघी मिळून तीस' असं न करता प्रत्येकीकडे सात-आठ जण नावानिशी हवेत. तिच्या रजेच्या दिवशी कोण, तेही मुलाला ठाऊक हवं.

---

उंबरठा

मी इथे फक्त वाचतो, कधी लिहीत नाही. आज लिहितो. मी संस्थेत वाढलो. चांगली संस्था होती, मारहाण नव्हती, शिक्षण झालं. तक्रार करायला लिहीत नाहीये.

अठरावं वर्ष लागलं की बाहेर पडायचं, हे लहानपणापासून माहीत असतं. पण माहीत असणं आणि तयार असणं यात फार अंतर आहे. आम्हाला सकाळी घंटा वाजली की उठायचं, घंटेला जेवायचं, घंटेला झोपायचं एवढंच माहीत. मी कधी बिल भरलं नव्हतं. एकट्यापुरता स्वयंपाक किती करायचा ते कळत नव्हतं. दवाखान्यात एकटा कधी गेलो नव्हतो. बाहेर पडल्यावर पहिले काही महिने रात्री झोप यायची नाही, कारण खोलीत दुसऱ्या कुणाच्या श्वासाचा आवाज नसायचा.

सगळ्यात जास्त अडवलं ते कागदांनी. प्रत्येक अर्जावर एक रकाना असतो, 'आपत्कालीन परिस्थितीत कोणाशी संपर्क साधावा'. वसतिगृहाचा अर्ज, नोकरीचा अर्ज, दवाखान्याचा कागद, सगळीकडे. मी तो रकाना कधी मोकळा सोडायचो, कधी मित्राचं नाव लिहायचो आणि 'नातं' या शब्दापुढे अडायचो. खोली भाड्याने घेताना हमीदार कोण? वसतिगृह सुट्टीत बंद होतं तेव्हा जायचं कुठे? ज्यांना घर आहे त्यांना हे प्रश्न पडतच नाहीत, त्यामुळे नियम करणाऱ्यांनाही ते सुचत नाहीत.

दुसरं म्हणजे, मला माझ्याबद्दल काही माहीतच नव्हतं. मी कुठे सापडलो, मला कोणी आणलं, पहिलं पाऊल कधी टाकलं, कुठल्या आजारातून उठलो. माझ्या बरोबरच्या मित्रांची आई हे असं सहज सांगून जायची. माझी फाइल होती, पण तिच्यात सही-शिक्के आणि वजन-उंची. एका जुन्या काळजीवाहक मावशी मला बऱ्याच वर्षांनी भेटल्या आणि म्हणाल्या, 'तू लहानपणी पाऊस आला की खिडकीचे गज धरून उभा राहायचास, ओढून आणावं लागायचं.' एवढंच. पण ते ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की मला लहानपण होतं. त्या मावशींचं नाव आता मी त्या रकान्यात लिहितो. त्यांना विचारून लिहितो.

सायंताराताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे. पण तो अठरा वर्षांनंतरही विचारा. आम्ही तेव्हाही मुलंच असतो.

---

मनमोकळा

उंबरठा, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. त्या रकान्याकडे मी आजवर कधी थांबून पाहिलं नव्हतं.

---

कलमकायदा

उंबरठा यांच्या मुद्द्याला धरून कायद्याच्या अंगाने थोडं लिहितो.

अठराव्या वाढदिवसाला आधार एकदम तोडणं चूक आहे, हे आता बऱ्याच देशांनी कायद्यात मान्य केलंय. इंग्लंडमध्ये २००० सालच्या कायद्याने संस्थेतून किंवा प्रतिपालकांकडून बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी सल्लागार आणि लेखी आराखडा आला. २०१४ मध्ये प्रतिपालक कुटुंबातच २१ पर्यंत राहण्याची सोय झाली, दोघांची इच्छा असेल तर. २०१७ मध्ये सल्लागाराची मदत २५ पर्यंत वाढवली. स्कॉटलंडमध्ये आधार २६ पर्यंत मागता येतो. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने राज्यांना २१ पर्यंत सांभाळ चालू ठेवण्यासाठी केंद्राचा निधी खुला केला. भारतात २०१५ च्या बाल न्याय कायद्यात १८ ते २१ या वयासाठी पश्चात देखभालीची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे आणि प्रत्येक मुलाचा स्वतंत्र देखभाल आराखडा करायचा आहे. तरतूद असणं आणि त्या मुलापर्यंत ती पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाहेर पडणाऱ्याला आपला हक्क काय हे कुणी लेखी हातात देतं का, इथून पाहायला सुरुवात करावी.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातली दोन कलमं या चर्चेत उपयोगी आहेत. कलम १२ म्हणतं की मुलाशी संबंधित निर्णयात त्याचं मत ऐकलं पाहिजे आणि वय व समज पाहून त्याला वजन दिलं पाहिजे. कलम २५ म्हणतं की मुलाला जिथे ठेवलंय तिथल्या परिस्थितीचा ठरावीक काळाने आढावा घेतला पाहिजे. माझ्या पाहण्यात आढावा होतो, पण मूल दाराबाहेर बसलेलं असतं. मग आत बोलावून विचारतात, 'बरं आहे ना?' मूल मान हलवतं. याला मत ऐकणं म्हणत नाहीत.

न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात वेगळी वाट काढली. मूल घराबाहेर काढण्याचा प्रश्न आला की आधी विस्तारित कुटुंबाला बोलावून बैठक घ्यायची, माहिती द्यायची, आणि मग अधिकाऱ्यांनी बाहेर जाऊन कुटुंबाला आपापसात ठरवू द्यायचं. तिथल्या मूळच्या माओरी समाजाने आपली मुलं कुटुंबापासून तोडली जात असल्याबद्दल केलेल्या आग्रहातून हे आलं. कुणाची तरी चुलतबहीण, मामा, पणजी पुढे येतात. फायलीत त्यांची नावंसुद्धा नसतात.

आणखी एक. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार केवळ गरिबीमुळे मूल घरापासून तोडायचं नाही, घराला मदत करायची. तीन वर्षांखालच्या मुलांना कुटुंबातच ठेवायचं, भावंडांची ताटातूट करायची नाही. भावंडांबद्दल मुद्दाम लिहितोय. 'मुलींची संस्था वेगळी, मुलांची वेगळी' या एका प्रशासकीय सोयीपायी बहीणभाऊ एकमेकांना कायमचे मुकलेले मी पाहिलेत. आईवडील नसलेल्या मुलाचं टिकून राहणारं माणूस बऱ्याचदा त्याचं भावंडच असतं.

---

नातवंडांची_आजी

मला मोठं लिहिता येत नाही, नातीकडून टाइप करून घेतेय. मुलगी गेली, जावई गेला तसा परत आला नाही. दोन नातवंडं माझ्याकडे आहेत. ती संस्थेत नाहीत म्हणून आम्ही कुणाच्याच यादीत नाही. शाळेत पालकांची सही मागतात, माझी चालेल का विचारावं लागतं. दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा दोन तास वाद झाला. पोरं माझ्याकडे सुखात आहेत. मोठी रात्री उठून मी श्वास घेतेय का ते बघते. मला कळतं, पण मी झोपल्याचं सोंग घेते. माझ्यानंतर काय, एवढीच काळजी आहे.

---

सायंतारा

आजी, नातीला माझा नमस्कार सांगा. आई गेलेल्या बहुतेक मुलांना ती भीती असते, फक्त ती बोलत नाहीत. सोंग घेण्यापेक्षा एकदा सरळ बोला तिच्याशी. 'मला काही झालं तर काय, हे मी ठरवून ठेवलंय' हे वाक्य तिला ऐकू द्या, आणि त्यासाठी खरंच ठरवून ठेवा. तुमच्या नात्यातलं, ओळखीतलं कुणी तरुण माणूस निवडा, त्याच्याशी स्पष्ट बोला, आणि आतापासून त्याचं येणं-जाणं वाढवा. नातवंडांना विचारून निवडा. कायदेशीर पालकत्वाचा कागद करून घेतलात तर सहीचे वाद मिटतील. कलमकायदा, यात आजींना मदत कराल का?

आणि हे सगळ्यांसाठी लिहिते. मुलं सांभाळणाऱ्या नातेवाइकांमुळेच ती मुलं व्यवस्थेत यायची वाचतात, आणि त्या नातेवाइकांसाठीच सगळ्यात कमी आधार असतो. अशा आजीआजोबांना थोडी आर्थिक मदत, सहीचा अधिकार आणि कधीतरी एक दिवस विश्रांती मिळाली, तर कितीतरी मुलांना संस्थेचं तोंडही पाहावं लागणार नाही.

---

कलमकायदा

आजी, व्यक्तिगत निरोप पाठवतो. कागद कोणते लागतील ते सांगतो, फार अवघड नाही.

---

हातभार

आमचा मित्रांचा गट आहे. दर काही महिन्यांनी एखाद्या संस्थेत जाऊन मुलांसोबत दिवस घालवतो, खेळ घेतो, वाढदिवस साजरे करतो. मुलं खूप खूश होतात, निघताना रडतात, बिलगतात. हा धागा वाचून अस्वस्थ झालो. आम्ही करतो ते चूक आहे का? थांबवावं का?

---

उंबरठा

हातभार, मी त्या मुलांपैकी एक होतो म्हणून सांगतो. राग मानू नका. पाहुणे यायचे तेव्हा छान वाटायचं. ते गेल्यावर रात्री लहान मुलं रडायची आणि आम्ही मोठे त्यांना गप्प करायचो. काही पाहुणे 'परत येतो' म्हणायचे. आम्ही रविवारी फाटकाकडे बघत बसायचो. नंतर आम्ही नावं विचारणं सोडलं. सगळ्यांना 'दादा' म्हणायचं, म्हणजे लक्षात ठेवावं लागत नाही.

एक दादा मात्र दर गुरुवारी गणित शिकवायला यायचे. भेटवस्तू काही आणली नाही कधी. यायचं नसेल तर आधी फोन करून आम्हाला सांगायचे, ऑफिसला नाही, आम्हाला. त्यांचं नाव मला आजही पूर्ण आठवतं.

---

सायंतारा

उंबरठांनी सांगितलं त्याहून नेमकं मला सांगता येणार नाही. फक्त थोडी भर घालते.

पुष्कळ देशांतल्या अनाथालयांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, कुणीतरी एक, हयात असतात. काही ठिकाणी पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून मुलं घरांतून आणून संस्था भरल्या गेल्या, इथवर गोष्ट गेली आहे. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवी भेटींमुळे होणाऱ्या नुकसानाची दखल घेतली गेली. तुमचा हेतू स्वच्छ आहे याबद्दल शंका नाही. पण तुमची ताकद दुसरीकडे जास्त कामाला येईल.

तुमच्या गटातल्या ज्यांना दर आठवड्याला, निदान वर्षभर, ठरलेल्या वेळी येणं जमेल, त्यांनीच मुलांना भेटावं. पडताळणी करून, संस्थेच्या नियमात राहून, मुलांचे फोटो न काढता. बाकीच्यांनी मुलांना न भेटताही खूप करता येतं. काळजीवाहकांच्या प्रशिक्षणाचा खर्च उचला. नातवंडं सांभाळणाऱ्या आजींच्या कागदपत्रांची धावपळ करा. बाहेर पडणाऱ्या तरुणांना खोलीसाठी हमीदार व्हा. अशा एका तरुणाला 'माझं नाव लिही त्या रकान्यात' असं म्हणायची तयारी आहे का ते आपसात विचारा. ते वाढदिवसापेक्षा अवघड आहे, कारण रात्री अडीच वाजता फोन आला तर उचलावा लागतो.

---

स्पष्टवक्ता

मी वर तावातावाने लिहिलं होतं, पण उंबरठांच्या फाइलबद्दलच्या ओळी वाचून विचार करतोय. आमच्या फायलींमध्येही तेच असायचं, सही-शिक्के आणि वजन-उंची. काळजीवाहकांना मुलांच्या किती आठवणी असतात! त्या नोकरी सोडून जातात तेव्हा त्या आठवणीही सोबत जातात. नोकरी सोडताना चाव्या आणि साहित्य जमा करून घेतो तसं प्रत्येक मुलाबद्दल एक पान लिहून घेतलं तर? जिला लिहिता येत नाही तिने बोलावं, दुसऱ्याने लिहावं. खर्च शून्य आहे. आमच्या जुन्या संस्थेशी अजून संबंध आहेत, त्यांच्याशी बोलतो.

---

खडूफळा

स्पष्टवक्ता, शाळेतही करता येईल हे! वर्ष संपताना आम्ही फक्त गुणपत्रक पुढे पाठवतो. या मुलांसाठी मी या वर्षीपासून एक पत्र लिहिणार आहे, मोठेपणी त्यांच्या हातात पडेल असं. कशाला हसायचा, काय छान काढायचा, कुणाशी गट्टी होती.

---

सायंतारा

स्पष्टवक्ता, जरूर बोला, आणि काय होतं ते इथे लिहा. एक काळजी घ्या. ते पान मुलाचं आहे, संस्थेचं नाही. मूल दुसरीकडे हललं की त्याच्याबरोबर जायला हवं, आणि मागितलं की त्याला वाचायला मिळायला हवं. फोटो असतील तर तेही. आणि घरच्यांबद्दल कडू काही असेल तर ते लपवू नका, पण ते वाचायची वेळ येईल तेव्हा शेजारी कुणीतरी बसलेलं असेल असं बघा.

उंबरठा, संस्था सोडणाऱ्या तरुणांसाठी मी एक तपासणी-यादी करते आहे. तुम्ही लिहिलेले मुद्दे त्यात घेऊ का? आपत्कालीन संपर्क, हमीदार, सुट्टीत राहायची जागा, एकट्याने दवाखान्यात जाणं, स्वतःची फाइल.

---

उंबरठा

घ्या. त्यात आणखी काही जोडा. जन्माचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रतीत आमच्या हातात द्या, कपाटात नको. पंधराव्या वर्षापासून थोडे पैसे स्वतः सांभाळायला द्या, चुकू द्या, चुकलं तरी परत द्या. सोळाव्या वर्षापासून महिन्यातून एकदा बाहेरचं एक काम एकट्याने करायला पाठवा. आणि सोडून गेल्यावर पहिल्या महिन्यात कुणीतरी आम्हाला फोन करा. आमच्या फोनची वाट बघू नका, आम्ही करणार नाही. आम्हाला वाटतं की आता आमचा हक्क संपला.

---

हातभार

आमच्या गटात काल बोलणं झालं. हमीदार व्हायला दोघं तयार आहेत, त्यातला एक मी. सायंताराताई, पुढे कुणाशी बोलायचं आणि पडताळणीसाठी काय लागेल ते व्यक्तिगत निरोपात कळवाल का?